मळक्या पानांची फडणिशी

संग्राहक या प्राण्याच्या ज्या अनेक पोटजाती आहेत, त्यांपैकी नाणी, पोस्टाची तिकिटे, समया आणि अडकित्ते जमविणाऱ्यांना समाजात थोडीबहुत प्रतिष्ठा असते. दिनकर केळकरांनी तर पुण्यात दिव्यांचे आणि अडकित्त्यांचे असे काही भांडार उभे केले की पुढे सरकारने ते आदराने आपल्या ताब्यात घेतले. परंतु ज्याने आपली सारी उमेद महसूलखात्याच्या दप्तरांत घालविली, ज्याला नातवंडे झाली आणि ज्याच्या घरात आता पहिलीत जाण्याजोगे कोणीही उरलेले नाही, असा गृहस्थ पहिलीच्या वाचनपुस्तकासाठी रविवारच्या उन्हात जुन्या बाजारात उकिडवा बसलेला आढळला, तर त्याच्याविषयी लोकांचे काय मत होत असेल याची मला पूर्ण कल्पना आहे. कारण ते मत माझ्या घरात रोज, आणि पाहुणे आले असता विशेष खुलासेवार, मांडले जाते.

मी जुनी क्रमिक पुस्तके जमवितो. त्यांतही भूगोल, गणित, आरोग्यशास्त्र वगैरे मंडळी ओघाने आली तर त्यांना नाही म्हणत नाही. पण माझा खरा जीव वाचनपुस्तकांवर, म्हणजे ज्यांत एका धड्यात राजा हरिश्चंद्र, दुसऱ्यात रेशमाचा किडा, तिसऱ्यात ग्रामपंचायत आणि चौथ्यात पावसाची कविता अशी सर्व सृष्टी एकाच शिवणीत बांधलेली असते, त्यांवर. आमच्या घराची व्यवस्थाही त्यांच्याच इतमामाने लागलेली आहे. पहिली ते चौथी पलंगाखालच्या ट्रंकांत, पाचवी ते सातवी माळ्यावर, आणि त्याच्या वरचे शिक्षण घेतलेली पुस्तके गच्चीच्या जिन्याखालच्या कपाटात, वेखंड आणि कडुनिंबाच्या पाल्याच्या सहवासात राहतात. "अहो, तुमची चौथी जरा सरकवा, मला डाळीचा डबा काढायचाय," हे वाक्य आमच्या घरात इतके रुळले आहे, की नवीन मोलकरणीने ते प्रथम ऐकले तेव्हा घरात कोणी चौथे कुटुंब आहे की काय अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिले होते.

या व्यवसायात प्रवेश करणाऱ्याने पहिली गोष्ट शिकावयाची ती उदासीनतेचा अभिनय. रद्दीवाला हा मनुष्यस्वभावाचा जो अभ्यास करतो, तो कोणत्याही विद्यापीठात करवून घेतला जात नाही. ढिगातून एखादे पन्नास वर्षांपूर्वीचे तिसरीचे पुस्तक डोकावत असता आपण शेजारचे बांधकामशास्त्रावरील जाडजूड इंग्रजी पुस्तक उचलावे, दोन पाने उलटावीत, सुस्कारा टाकावा, आणि मग जाता जाता पायात आले म्हणून उचलल्यासारखे ते तिसरीचे पुस्तक हातात घ्यावे, हा माझा परिपाठ. पण तो फार दिवस टिकला नाही.

"काय पाहिजे, काका?"

"काही नाही. सहज बघतोय."

"सहज बघणारा माणूस चष्मा कपाळावर चढवून वास नाही घेत पुस्तकाचा." थोडे थांबून त्याने सहानुभूतीने विचारले, "नातू नापास झाला काय?"

मी होय म्हणालो. नातवाच्या शैक्षणिक चारित्र्यावर तो डाग पडू देण्यात माझा हेतू शुद्ध व्यापारी होता. संकटात सापडलेल्या आजोबांना किलोच्या भावाने पुस्तक मिळेल अशी माझी अटकळ होती. "रद्दी किलोवर," तो म्हणाला, "नापासाचं पुस्तक नगावर." आणि त्याने जो आकडा सांगितला त्यात नातवाची शिकवणी लागली असती.

आता कोणी म्हणेल की, ज्या पुस्तकाच्या प्रती लाखांनी निघाल्या ते दुर्मीळ कसे? पण हेच तर या विषयातील खरे मर्म आहे. एखाद्या कवीच्या काव्यसंग्रहाच्या पाचशे प्रती निघतात. त्यांतल्या साडेचारशे कवीच्याच माळ्यावर सुखरूप राहतात, आणि शंभर वर्षांनी आलेल्या संशोधकाला त्या गठ्ठ्याने सापडतात. उलट जे पुस्तक मुंबई इलाख्यातल्या घरोघरी गेले, ज्यावर चार पिढ्या अक्षर ओळखावयास शिकल्या, त्याची एक धड प्रत मिळविण्यासाठी जोडे झिजवावे लागतात. क्रमिक पुस्तकाचे आयुष्य असते एका वर्षाचे. फार तर ते जूनमध्ये निम्म्या किमतीने खालच्या यत्तेतील मुलाकडे जाते, तेथून त्याच्या धाकट्या भावाकडे, तेथून मावसबहिणीकडे. पहिल्या पानावर एक नाव खोडून दुसरे, दुसरे खोडून तिसरे, अशा फेरफाराच्या नोंदी सातबाऱ्याच्या उताऱ्याप्रमाणे चढत जातात आणि शेवटच्या कुळाच्या हाती पुठ्ठा आणि मधली पाने एवढीच मिळकत उरते. मग एके वर्षी अभ्यासक्रम बदलतो. फर्मान सुटताच एका रात्रीत राज्यातील तमाम जुन्या पुस्तकांची सनद रद्द होते, आणि त्यांची रवानगी वाण्याकडे होते. जे पान मुलाच्या हाती धडा म्हणून गेले होते, तेच त्याच्या हाती खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी होऊन परत आले. आणि या दुसऱ्या वेळी त्याने ते अधिक आस्थेने उघडले, याला मी साक्षीदार आहे.

या सर्व कत्तलीतून जी प्रत वाचते ती कोणती? आरंभी माझाही सर्व संग्राहकांप्रमाणे असाच समज होता की, प्रत जितकी कोरी तितकी थोर. मुखपृष्ठ शाबूत, शिवण घट्ट, कोपरे काटकोनात, आत रेघ नाही की शाईचा थेंब नाही, अशी एक दुसरीची प्रत मला प्रथम गवसली तेव्हा मी ती रुमालात गुंडाळून घरी आणली आणि तिच्या मूळ मालकाविषयी, पहिल्या पानावर वळणदार अक्षरात नाव घातलेल्या त्या टापटिपीच्या बालकाविषयी, मनात मोठा आदर बाळगला. पुढे संग्रह वाढला, प्रतींशी प्रती ताडून पाहता आल्या, आणि हळूहळू एक भीषण सत्य माझ्या ध्यानात येऊ लागले. ते वळणदार अक्षर बालकाचे नव्हतेच. ते वडिलांचे होते. आणि प्रत कोरी राहिली होती, कारण वडिलांनी नाव घातल्यानंतर त्या पुस्तकाला पुन्हा कोणी हात लावलेला नव्हता!

म्हणजे संग्राहकांच्या जगात ज्याला सर्वोत्कृष्ट म्हणतात, ज्यासाठी दाम दुप्पट मोजले जातात, ते पुस्तक एका पक्क्या ढ विद्यार्थ्याचे स्मारक असते. जो मुलगा हुशार होता, ज्याने कविता घोकल्या, कठीण शब्दांखाली रेघा ओढल्या, पुस्तक उशाशी घेऊन झोपला आणि सकाळी त्यावर चहा सांडला, त्याची प्रत केव्हाच पंचत्वात विलीन झाली. गुरुजींनी ज्याला बाकावर उभे केले त्याचे पुस्तक आज काचेच्या कपाटात उभे आहे. माझ्या परिचयाचे एक सद्गृहस्थ केवळ निष्कलंक प्रतीच घेतात आणि त्यांचा संग्रह पाहावयास लांबलांबून लोक येतात; तो पाहताना मला मात्र एखाद्या नामांकित शाळेच्या शेवटच्या बाकांचे स्नेहसंमेलन भरल्याचा भास होतो.

तेव्हापासून मी मळक्या पक्षात आहे. मळ हा एक अत्यंत प्रामाणिक दस्तऐवज आहे. मुलाचा अभ्यास त्याच्या प्रगतिपुस्तकावरून कळतो असे मानणाऱ्यांनी एकदा वाचनपुस्तकाच्या पानांचा उजवीकडचा खालचा कोपरा पाहावा, कारण बोटाला थुंकी लावून पान उलटविण्याची जी विद्या आपण सर्वांत आधी आत्मसात करतो, तिची पक्की नोंद तेथे होते. पहिले तीन धडे काळेभोर. सर्व प्रतींत, सर्व जिल्ह्यांत, सर्व काळी. जूनमधला उत्साह हा अखिल भारतीय गुण आहे. पुढे काळा रंग तपकिरी होतो, दिवाळीच्या सुमारास फिकटतो, आणि कोठेतरी एका विवक्षित पानाशी मळाची सरहद्द संपून पांढऱ्या शुभ्र परमुलखास प्रारंभ होतो. त्या सरहद्दीवर मी फार रेंगाळतो. येथे सुगीची कामे आली असतील, येथे हिवताप, एका चौथीच्या पुस्तकावर मुलीचे नाव आहे आणि मळ एकोणिसाव्या धड्याच्या अर्ध्यावर, वाक्य पुरे होण्याच्या आत थांबतो, तेथे बहुधा कोणी स्थळ घेऊन आले असावे. कवितांची पाने गद्याहून मळकी, हेही सर्वत्र आढळते. ग्रामपंचायतीच्या रचनेवरील धड्याला कोणत्याही बालकाने विनाकारण स्पर्श केलेला नाही. आणि स्वच्छतेचे महत्त्व सांगणारा धडा तेवढा सर्व प्रतींत अत्यंत स्वच्छ आढळतो.

मळाप्रमाणेच कालनिर्णयाचेही एक शास्त्र आहे आणि ते अवगत असल्याशिवाय या धंद्यात पडू नये. पुस्तकाची पहिली आणि शेवटची पानेच आधी गळतात, आणि सन, किंमत, मंजुरीचा हुकूम असा सारा ऐवज नेमका त्याच पानांवर असतो. मग उरलेल्या देहाचा पंचनामा करावा लागतो. राजाची तसबीर असेल तर काम सोपे: राणी व्हिक्टोरिया असेल तर १९०१ च्या आतले, सातवे एडवर्ड असतील तर १९१० पर्यंतचे, पाचवे जॉर्ज असतील तर १९३६ पर्यंतचे. 'कांहीं', 'नाहीं', 'घरांत' असा अनुस्वारांचा भुरभुर पाऊस प्रत्येक ओळीवर पडलेला असेल तर पुस्तक बहुधा १९६२ पूर्वीचे, कारण त्या वर्षी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते आभाळ निरभ्र केले. कोठे आण्यांचा हिशेब आला तर १९५७ च्या एप्रिलपूर्वीचे. 'नये पैसे' असतील तर त्यानंतरचे. आणि पैशांचा नवेपणा ओसरून नुसतेच 'पैसे' उरले असतील तर १९६४ नंतरचे. महाराष्ट्रात जिल्हे सव्वीस म्हटले असतील तर जालना, सिंधुदुर्ग, लातूर आणि गडचिरोली अद्याप जन्मावयाचे आहेत असे समजावे, आणि कुलाबा जिल्हा भेटला तर १९८१ चे रायगड हे नामकरण व्हावयाचे आहे. हा सर्व पंचनामा मी पुस्तकाच्या मागे एका चिटोऱ्यावर लिहून ठेवतो आणि खाली सही करतो. पंच म्हणून सही करावयास घरात कोणी तयार होत नाही.

या पुस्तकांच्या इतिहासात जी माणसे भेटतात ती धड्यांतल्या माणसांहून अधिक मनोरंजक आहेत. त्यांचे आद्य पुरुष म्हणावे असे मेजर टॉमस कँडी, जातीने इंग्रज, पेशाने लष्करी, आणि हुद्द्याने सरकारचे मराठी भाषांतरकार. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामी त्यांनी हात लावला होता, आणि पुढे मराठी शाळांसाठी शास्त्रीमंडळींनी लिहिलेली पुस्तके त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापखान्यात जात नसत. काशी-पैठणची व्युत्पत्ती ज्यांच्या जिभेवर, त्या शास्त्र्यांचे मराठी एका मेजराने तपासून शुद्ध करावे, हा प्रसंग कोणत्याही वाचनपुस्तकात धडा म्हणून घातलेला नाही, ही मी शिक्षणखात्याची मोठी उणीव समजतो. मराठी गद्यात विरामचिन्हे रुजविण्याचे श्रेयही याच गृहस्थांकडे जाते. त्यापूर्वी आपले पूर्वज एकदा वाक्यास प्रारंभ केला की श्वास संपेपर्यंत थांबत नसत; मेजरसाहेबांनी त्यांना कवाईत शिकविली, स्वल्पविरामाला पाऊल आखडावे, पूर्णविरामाला उभे राहावे. माझ्या वाक्यांची लांबी पाहता ती कवाईत माझ्यापर्यंत पुरती पोचली नाही असे कोणी म्हणेल, तर मी त्यांच्या अर्धविरामाचा जो मुक्तहस्ताने उपयोग करतो तिकडे त्याने पाहावे.

कँडीसाहेबांच्या शंभर पावले पुढे आले की आचार्य अत्रे उभे आहेत. पुण्याच्या कॅम्पातील शाळेचे मुख्याध्यापक, विलायतेहून शिक्षणशास्त्र शिकून आलेले, आणि विशेष म्हणजे 'झेंडूची फुले' लिहून समस्त कविवर्गाची टोपी उडविलेले. त्यांनीच १९३० नंतरच्या दशकात 'नवयुग वाचनमाला' काढली आणि ज्या कवींची थट्टा करून हात साफ केला होता त्यांच्याच वर्गातील मंडळींच्या कविता मुलांच्या हाती आदराने दिल्या. वाचनपुस्तक गोड असू शकते, मुलगा ते शाळा सुटल्यावरही उघडू शकतो, हे त्या मालेने दाखवून दिले. आणि म्हणूनच माझ्या वर मांडलेल्या सिद्धान्तानुसार तिची धड प्रत मिळणे महाकर्मकठीण आहे. माझ्याजवळचा एक भाग इतका वाचलेला आहे की तो पुस्तक या संज्ञेस पात्र राहिला नसून पानांचा एक स्नेहबंध उरला आहे.

त्या काळी खासगी प्रकाशकांच्या मालांची चढाओढ असे, आणि प्रत्येक प्रकाशकाचा माणूस नमुना प्रतींची पिशवी घेऊन मुख्याध्यापकांच्या दारी हेलपाटे घाली. 'नमुना प्रत, विक्रीसाठी नाही' असा शिक्का असलेली पुस्तके आजही बाजारात विकत मिळतात आणि ती कोरीच असतात, कारण मुख्याध्यापकांनीही ती वाचलेली नसतात. पुढे कोठारी आयोगाचा अहवाल आला, क्रमिक पुस्तके सरकारी यंत्रणेने करावीत हा विचार बळावला, आणि २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन होऊन दुसऱ्या वर्षापासून 'बालभारती'चा अंमल सुरू झाला. तेव्हापासून सावंतवाडीपासून भंडाऱ्यापर्यंत सर्व मुले एकाच दिवशी एकाच कवितेला कंटाळू लागली. एकराष्ट्रीयत्वाची भावना यापेक्षा स्वस्तात निर्माण झाल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

आतील चित्रकला हा एक स्वतंत्र विषय आहे, आणि मी अर्थात मूळ चित्रकाराविषयी बोलत नाही. वर्गात इतिहासपुरुष भेटला की त्याला मिशा काढावयाच्या ही आपल्या बालकांची अनादि वहिवाट. परंतु १९११ च्या दिल्ली दरबारानंतरच्या एका पुस्तकात पाचव्या जॉर्ज बादशहांची तसबीर आहे, आणि त्यांना दाढी व मिशा ही दोन्ही छापखान्यातूनच आलेली असल्यामुळे कलावंताची मोठी पंचाईत झालेली दिसते. तो डगमगला नाही. त्याने बादशहांच्या मुकुटावर पुणेरी पगडी चढविली, कानात भिकबाळी घातली, कपाळी गंध लाविले आणि खाली पेन्सिलीने फक्त 'अण्णा' असे लिहिले. हे अण्णा त्याचे वडील की हेडमास्तर याचा उलगडा व्हावयास मार्ग नाही. चेहऱ्यावरील नाराजी मात्र दोघांनाही शोभण्यासारखी आहे. पानापानांत सापडणारी विद्येची पाने, चिमण्यांची पिसे, पिल्ले व्हावीत म्हणून पेन्सिलीचा भुगा खाऊ घातलेली मोरपिसे यांची मी एक वेगळी नोंदवही ठेवली आहे. पिल्ले झाल्याची नोंद अद्याप नाही.

माझ्या छंदाने मला शत्रू मिळवून दिले ते मात्र दिवाणखान्यात. पन्नाशी ओलांडलेला कोणताही पाहुणा माझा संग्रह पाहताच डोळे मिटून कविता म्हणू लागतो. पहिले कडवे तो ठणठणीत म्हणतो, दुसऱ्यात दोन ओळींची अदलाबदल करतो, तिसऱ्यात दुसरीच कविता म्हणतो, आणि अखेरीस अभिमानाने सांगतो, "आम्हाला चौथीला होती!" येथे मी गप्प बसावे हे उत्तम. पण उभी हयात कागदपत्रांत गेलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. मी माळ्यावर चढतो आणि मूळ दस्तऐवज हजर करतो. कविता पाचवीला असते. पाहुण्याच्या चेहऱ्यावर प्रथम अविश्वास, मग संताप आणि शेवटी एक प्रकारची पोरकी कळा येते, कारण चौथीच्या ज्या गुरुजींनी ती कविता डोळ्यांत पाणी आणून शिकविली असे तो बायकोला आजवर सांगत आला, त्या गुरुजींचा पुरावाच आता नष्ट झालेला असतो. "तुमच्या प्रतीत चूक असेल," असे म्हणून तो चहा अर्धा टाकून उठतो. या पद्धतीने आमच्याकडील चहाचा खर्च बराच आटोक्यात आला आहे, एवढे श्रेय घरातूनही मला दिले जाते.

तरीही वय पाहता या मिळकतीची काही निरवानिरव करणे प्राप्त होते, म्हणून मी एका जुन्या सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन सर्व संग्रह विनामूल्य देऊ केला. ग्रंथपाल सौजन्यशील, पण नियमाचे पक्के निघाले.

"क्रमिक पुस्तकं आम्ही स्वीकारत नाही, साहेब. घटनेतच तरतूद आहे."

"कारण काय?"

"क्रमिक पुस्तक हे वाचायचं पुस्तक नव्हे," ते म्हणाले, आणि हे वाक्य मी वाचनपुस्तकांचा गठ्ठा समोर ठेवलेला असता म्हणाले. मी उठलो. त्यांनी, बहुधा केवळ शिष्टाचार म्हणून, विचारले, "सातवीचं आहे का हो त्यात? आमच्या वेळचं?" त्यांची वेळ कोणती ते मी विचारून घेतले, गठ्ठा सोडला आणि पुस्तक पुढे केले. त्यांनी ते उभ्याउभ्या उघडले, मग खुर्ची ओढली, मग चष्मा कपाळावर चढविला. देवघेवीच्या खिडकीपाशी सभासदांची रांग लागली, शिपाई दोनदा येऊन गेला, एका ज्येष्ठ सभासदाने खाकरून आपली वार्षिक वर्गणी भरल्याची आठवण करून दिली. ग्रंथपाल अनुक्रमणिकेवरून बोट फिरवीत होते. दिवे मालवण्याच्या वेळेस त्यांनी मान वर करून सांगितले की नियमात बदल होणे शक्य नाही, संग्रह परत न्यावा लागेल, हे एक पुस्तक मात्र ते वैयक्तिक जबाबदारीवर एका रात्रीपुरते घरी नेत आहेत.

त्याला आता बरेच महिने झाले. मी त्यांना पहिले स्मरणपत्र साध्या टपालाने पाठविले, दुसरे रजिस्टर्ड, आणि तिसऱ्याचा मसुदा सध्या तयार होत आहे. विलंबशुल्क कोणत्या दराने आकारावे, याबाबत त्यांच्याच ग्रंथालयाची नियमावली मी मागविली आहे.